गुडघ्यांकडचे पाहुणे

सरांच्या खोलीत खुर्ची नव्हती. टेबल होतं, पण ते भिंतीला लावलेलं आणि त्यावर एक्स-रेच्या पाकिटांची चवड. बाकी सगळ्या जमिनीवर एक निळी सतरंजी अंथरलेली. मी नागपुरातल्या त्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले, ते सांगायला त्यांच्याकडे गेले तेव्हा सर त्या सतरंजीवर मांडी घालून एक मांडीचं हाड उन्हात धरून न्याहाळत होते.

"बसा," ते वर न बघता म्हणाले.

कुठे बसायचं म्हणून मी इकडेतिकडे पाहिलं.

"जागा भरपूर आहे," ते म्हणाले.

मी साडी सावरत खाली बसले, माझ्या आधीच्या नोकरीबद्दल चार वाक्यं बोलले आणि निघायला उठले. तेव्हा कुठे त्यांनी हाड खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं. "उठताना डावा हात टेकता तुम्ही. उजव्या गुडघ्याला जपा." एवढी आमची पहिली भेट. माझं नाव त्यांनी बऱ्याच महिन्यांनी विचारलं. तोवर मी 'डावा हात'च होते.

ही गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. सर आमच्याकडे हाडांच्या विभागात होते आणि झिजलेल्या सांध्यांवर त्यांचं संशोधन चालू होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. गुडघा, खुबा आणि कणा कसा झिजतो हे ज्या पुस्तकांत लिहिलंय ती पुस्तकं खुर्चीवर बसणाऱ्या लोकांनी खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी लिहिलेली आहेत. आपला माणूस जन्मभर मांडी घालतो, उकिडवा बसतो, जमिनीवर जेवतो, जमिनीवरच निजतो. त्याचा सांधा वेगळा झिजणार आणि त्याचा इलाजही वेगळा असणार. "पुस्तकातला पेशंट खुर्चीत जन्माला येतो," ते विद्यार्थ्यांना सांगत. "तुमचा सुईणीच्या मांडीवर येतो. तेव्हा आधी पेशंटला खाली बसवा, मग पुस्तक उघडा."

म्हणून ती सतरंजी. तिच्यावर पेशंट बसत, विद्यार्थी बसत, कधी आले तर वरचे अधिकारीही बसत. सगळ्यांत हाल औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींचे होत. तेव्हा तंग मांड्यांच्या आणि खाली घेरदार पँटींची फॅशन होती. ती पोरं बॅग सांभाळत एका कुशीवर कशीबशी टेकत आणि गोळ्यांची माहिती देताना अर्धं लक्ष शिवणीकडे ठेवत. सरांना गोळ्यांशी कर्तव्य नसे. ते त्यांच्या उठण्याची वाट बघत असत.

उठणं हा त्यांचा खरा विषय. जमिनीवरून माणूस कसा उठतो यावरून त्याचा सांधा कळतो असं त्यांचं मत होतं आणि त्याप्रमाणे त्यांनी माणसांच्या जाती पाडल्या होत्या. एकहाती, दोनहाती, खांबवाले आणि शेजारीवाले. शेजारीवाले म्हणजे शेजाऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन उठणारे. पाचवी जात बिनहाती, तिच्यात ते स्वतः होते आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता. पन्नाशी उलटलेला, उंच, काटकुळा माणूस, पण भरला चहाचा कप हातात घेऊन मांडीतून सरळ उभे राहत. थेंब सांडत नसे. कुणी पाहिलं नाही असं वाटलं तर पुन्हा बसत आणि पुन्हा उठत.

माणसांचे चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नसत. चालीवरून ओळखत. कॉरिडॉरमधून नुसत्या पावलांचा आवाज आला की आतून म्हणत, "वॉर्डबॉय आला, टाच दुखतेय त्याची." एकदा मुंबईहून खात्याचे एक बडे अधिकारी तपासणीला आले. सरांनी नमस्कार केला आणि विचारलं, "गुडघा कसा काय?"

"मला गुडघ्याचा काही त्रास नाही," अधिकारी म्हणाले.

"अजून नाही? होईल," सर म्हणाले आणि पुढे चालू लागले.

सर मूळचे पारशिवनीकडच्या शेतकरी घरातले. व्याख्यानात त्यांची भाषा पुस्तकी असे, पण खुशीत आले की घरची बोली बाहेर पडे. आणि ते सगळ्यांत खुशीत असत ते लग्नसराईत. एका वेळी शेकडो माणसं जमिनीवर बसून एका वेळी उठतात अशी दुसरी जागा कुठे मिळणार? लकडगंजातल्या व्यापाऱ्यांच्या घरची लग्नं मोठी, मांडव मोठे, पंगती लांबच लांब. सर आमंत्रणाची वाट बघत नसत. धुतलेला सदरा घालून जात, पंगतीत बसत, पानातल्या वडाभाताला कसाबसा हात लावत आणि समोरच्या ओळीकडे टक लावून बघत राहत.

एकदा मला बरोबर नेलं. "बायांच्या पंगतीत मले बसता येत नाही नं," ते म्हणाले, "तिकडचं तुम्ही पाहा." मी लांबून का होईना ओळखीतलं लग्न आहे असं समजून काठपदराची साडी नेसून गेले. आधी पुरुषांची पंगत बसली होती; ती उठायला आली तसे सर पुढे वाकले, मान तिरकी करून समोरच्या आजोबांच्या गुडघ्यांकडे पाहू लागले. वाढायला फिरणाऱ्या एका जाड्या गृहस्थांना ते खटकलं. ते जवळ आले.

"आपण मुलाकडचे की मुलीकडचे?"

"मी गुडघ्यांकडचा," सर म्हणाले.

गृहस्थांनी क्षणभर विचार केला. त्यांना ते आडनाव वाटलं असावं. "मग बुंदी घ्या ना, गुडघेसाहेब," म्हणून त्यांनी सरांच्या पानात भली मोठी मूठ सोडली. सरांनी ती खाल्ली, कारण पान उष्टं टाकणं त्यांना पाप वाटे. मग हात न टेकता उठले.

त्यांच्या घरी सोफा होता. बाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हौसेने घेतला होता. सर त्यावर कधी बसत नसत. "आमच्याकडे सोफा एकटाच राहतो," बाई सांगायच्या. त्या हसून सांगत, पण रोज भरलेल्या ताटासमोर नवऱ्याने आपल्या गुडघ्यांकडे बघत बसणं हे हसून घेण्यासारखं नव्हतं. मला वाटतं, नागपुरातल्या कुठल्याच बाईने एवढी वर्षं इतक्या नजरेखाली उठबस केली नसेल.

विभागप्रमुख, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणत असू, विलायतेत शिकून आले होते. त्यांचं नि सरांचं कधी जमलं नाही, पण भांडणाला दोघांनाही दुसरं तोडीचं माणूस नव्हतं, म्हणून ते एकमेकांना धरून होते. मोठे साहेब म्हणत, "तुम्ही सांधा वाचवत नाही, सतरंजी वाचवता." त्यावर सर म्हणत, "सांध्याला सतरंजीच नसेल तर तो वाचवून ठेवू कुठे?"

या भांडणात सुमनताई सापडल्या.

सुमनताई नागपुरातल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत. वय चाळिशीच्या अलीकडे. लग्न केलेलं नव्हतं. लहानपणच्या आजारात एका खुब्याला इजा झाली होती आणि आता तो सांधा पार झिजून गेला होता. वर्गात उभं राहवत नसे. नकाशापर्यंत जाऊन परत टेबलापर्यंत येईतो घामाने डबडबत. शाळेने त्यांना समजुतीने सुचवलं होतं की वर्ग सोडा, ऑफिसात बसून काम करा. त्यांचे मोठे भाऊ देवराव त्यांना घेऊन आले. घर पारशिवनी तालुक्यात, शेती करणारं. हाडांचे डॉक्टर आपल्याकडचे आहेत म्हणून मोठ्या विश्वासाने सरांकडेच आले.

तेव्हा त्यांच्यासाठी दोनच रस्ते होते. एक, खुब्यातला हाडाचा गोळा काढून टाकायचा. दुखणं जातं, मांडी घालता येते, खाली बसता येतं. पण पाय आखूड होतो, चालताना अंग कलतं, काठी सुटत नाही आणि फार वेळ उभं राहवत नाही. दुसरा, मांडीचं हाड नि कमरेचं हाड एकमेकांत जुळवून सांधाच कायमचा बंद करायचा. मग पाय खांबासारखा भक्कम, दुखणं नाही, पण खाली बसणं संपलं. कृत्रिम खुबा मुंबईत कुठेतरी बसवायला लागले होते असं आम्ही ऐकून होतो. तो त्यांच्या वयाला किती पुरेल हे कुणी सांगत नव्हतं.

सरांच्या मनात प्रश्नच नव्हता. आपला माणूस खाली बसलाच पाहिजे. देवरावांनीही तेच सांगितलं.

"डॉक्टरसाहेब, हिले बसता आलं पाहिजे, बस. बाईमाणसाले खाली बसता नाही आलं तं घरात तिची जागा कुठं राहते? पूजेले, पंगतीले, चार बायांत? भिंतीले टेकून उभी राहीन का ते?"

"काळजी करू नका भाऊ," सर म्हणाले. "मी आहो नं."

सुमनताईंना कुणी विचारलं नाही. मी मात्र गोळा काढलेले पेशंट रोज चालवत होते. त्यांचं डुलणं मला माहीत होतं. मी ते सरांना बोलून दाखवलं.

"तुम्ही चालणं बघता, मी बसणं बघतो," ते म्हणाले.

"ती उभ्याने शिकवते, सर."

"शिकवणं सहा तास. बाकीचं आयुष्य कुठं जाते?"

मोठ्या साहेबांनी केस विभागाच्या बैठकीत ठेवली. त्यांना सांधा बंद करायचा होता. बैठक मंगळवारची. त्याआधीच्या शनिवारी सर प्लास्टर रूममध्ये गेले आणि तिथल्या यादवरावांना म्हणाले, "माझ्या कमरेपासून मांडीपर्यंत प्लास्टर घाला. खुबा हलला नाही पाहिजे."

यादवराव वीस वर्षं प्लास्टर घालत होते. ते बादली घेऊन उभेच राहिले. "काहून सर? पडले का कुठं?"

"पडलो नाही. सांधा बंद झालेला माणूस कसा जगतो ते मोठ्या साहेबांना दाखवाचं आहे."

"अन् संडासचं कसं करान?"

"तेच तर दाखवाचं आहे," सर म्हणाले.

यादवरावांनी मन लावून घातलं. सरांना त्यात पँट चढेना, तेव्हा यादवरावांनी स्वतःची लुंगी दिली. घरी जायला सायकलरिक्षा बोलावली, तर सर तिच्यात बसू शकेनात. शेवटी आडवे टेकले आणि प्लास्टरचा पाय बाहेर काढून बर्डीवरून गेले. रिक्षावाला सारखा ओरडत होता, "बाबूजी, टांग अंदर लो, कोई ले जाएगा." आत घेण्यासारखा तो पाय नव्हता. बाजारात लोक थांबून बघत होते. घरी बाईंनी त्यांना पाहिलं आणि सोफ्यावर आडवं केलं. "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा," त्या मला म्हणाल्या, "सोफा उपयोगी पडला."

रविवार गेला, सोमवार गेला. सोमवारी सर तशाच अवस्थेत ऑपरेशन थिएटरला आले आणि दिवसभर काम केलं. मंगळवारी बैठकीची खोली भरून गेली होती. मोठे साहेब, सगळे डॉक्टर, विद्यार्थी दाराबाहेरपर्यंत. सुमनताई आणि देवराव बाकावर. सरांनी जमिनीवर एक पाट मांडायला लावला, पुढे पत्रावळ ठेवली आणि म्हणाले, "आता बघा, सांधा बंद केलेला माणूस जेवायला कसा बसतो."

ते वाकले. प्लास्टरचा पाय पुढे गेला, पाट मागे सरकला आणि सर एका कुशीवर कलंडले. दोन डॉक्टरांनी उचललं. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. या वेळी पत्रावळीवरच पडले. खोलीत हशा पिकला, मोठे साहेबसुद्धा रुमाल तोंडाला लावून हसत होते. आम्ही त्यांना उभं केलं. सर विजयी मुद्रेने धापा टाकत होते. देवराव मान हलवत होते, की बघा, हेच तर मी म्हणत होतो.

सुमनताई हसल्या नव्हत्या. "सर, एक विचारू?"

"विचारा, मास्तरीणबाई."

"प्लास्टर घातल्यापासून उभं राहायला कसं वाटतं?"

 मी सरांच्या मागेच होते, ते पुन्हा पडले तर धरायला. प्लास्टरची आणि जुळलेल्या हाडाची तुलना होत नाही, असं ते म्हणू शकले असते. कुणी हरकत घेतली नसती. मोठे साहेबही नाही.

"चांगलं वाटतं," सर म्हणाले. "काल मी सकाळपासून ऑपरेशनला उभा होतो. पाठ अवघडली. पाय नाही."

"मग मला ते करा."

देवराव उठून उभे राहिले. "सुमन, तुले समजून राहिलं का काय म्हणतेस? सणावारी काय करशीन?"

"दादा, घरी मी सणाला येते," त्या म्हणाल्या. "वर्गात रोज जाते."

 सर हळू आवाजात म्हणाले, "एकदा बंद केलेला सांधा पुन्हा उघडून देता येणार नाही मला."

"खाली बसणं माझं तसंही संपलंय. उभं राहणं संपत आलंय. तेवढं वाचवा. आणि ऑपरेशन तुम्ही करा."

"मी? माझा यावर विश्वास नाही, बाई."

"म्हणूनच. तुम्ही भीत भीत कराल."

मोठ्या साहेबांनी त्या वेळी टोमणा मारला असता तर त्यांना तो शोभला असता. पण ते एवढंच म्हणाले, "मी तुमचा असिस्टंट म्हणून येतो." आणि खरंच आले.

देवराव सरांशी न बोलता गावी गेले. "आपला माणूस म्हणून आलो होतो," एवढं यादवरावांपाशी बोलून गेले. ते सरांना फार लागलं. यादवरावांनी त्यांचं प्लास्टर कापलं तेव्हा मांडीवरचे केस ओढले जात होते, पण सर हूं की चूं करेनात. यादवराव काळजीत पडले.

ऑपरेशन झालं आणि मग ते लांबलचक वाट बघणं सुरू झालं. हाडं जुळतील की नाही याची. सुमनताई प्लास्टरमध्ये पडून, सर रोज त्यांच्या खाटेपाशी जमिनीवर बसून. मुलींच्या भूगोलाच्या वह्या तिथेच तपासल्या जात. पहिला एक्स-रे काहीच सांगेना. त्यानंतरचाही धूसर. सर वाळले. लग्नाचे मांडव पडले, नवे उठले, ते एकाही पंगतीला गेले नाहीत. मग एका सकाळी ते माझ्या खोलीच्या दारात फिल्म घेऊन उभे राहिले. एरवी फिल्म माझ्या हातात देत, त्या दिवशी देईनात. खिडकीशी धरली आणि बोटाने दाखवलं. दोन हाडांच्या मधली काळी रेघ नाहीशी झाली होती.

"जुळलं वं," ते म्हणाले.

पुढचं काम माझं होतं. मी सुमनताईंना चालायला शिकवलं, जिना शिकवला, उंच स्टुलावर टेकायला शिकवलं. त्या शाळेत गेल्या. पाय थोडा झुलवत चालायच्या, पण काठी नव्हती.

मला वाटलं, विषय संपला. सरांचा संपला नव्हता. पोळ्याच्या दिवशी ते सकाळीच माझ्या घरी आले आणि म्हणाले, "चला, पारशिवनीला जाऊ."

"कशाला?"

"ती सणाला घरी गेलीय. कशी जेवते ते बघू."

एसटीने गेलो. गावात बैलांची शिंगं रंगवणं चालू होतं. देवरावांच्या अंगणात शिरलो तेव्हा दुपारच्या जेवणाची पंगत बसलेली होती. देवरावांनी आम्हाला पाहिलं, उठले, पाय धुवायला पाणी दिलं. बोलले फार नाहीत.

सुमनताई वाढत होत्या. हातात पुरणपोळ्यांचं ताट. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या पानात वाढायचं तर कमरेत वाकावं लागतं आणि बंद झालेला खुबा तर वाकत नाही. सर श्वास रोखून बघत होते. सुमनताईंनी तो पाय सरळ मागे नेला, दुसऱ्या पायावर भार घेतला आणि पुढे झुकल्या. पोळी पानात पडली. पाय परत जागेवर. पुढचं पान. हे मी त्यांना शिकवलं नव्हतं. सरांनाही सुचलं नव्हतं.

"हे तुम्हाला कुणी दाखवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. दोनदा पडले, मग आलं," त्या म्हणाल्या.

देवरावांनी आमच्यासाठी पाट मांडले. सर बसले नाहीत. "तुम्ही कुठं जेवता?" त्यांनी सुमनताईंना विचारलं.

उत्तर त्यांच्या वहिनीने दिलं. ती आतल्या दारात पदर खोचून उभी होती. "आत ज्वारीची कोठी आहे नं, तिच्यावर ताट ठेवते. मीबी तिच्यासंगच उभ्यानं जेवते. बाप्पा, एकटीनं कसं जेवावं तिनं?"

सरांनी आत डोकावून ती कोठी पाहिली. मग देवरावांना म्हणाले, "भाऊ, तुम्ही जेवून घ्या. आम्ही मागून जेवतो. आतच."

"पाहुण्यानं मागून?" देवराव म्हणाले.

"मले त्याहीसंग जेवाचं आहे."

मातीच्या त्या उंच कोठीवर फळी टाकलेली होती. तिच्याभोवती आम्ही चौघं उभ्याने जेवलो. सुमनताई, वहिनी, सर आणि मी. सरांना उभ्याने जेवायची सवय नव्हती, पुरण सदऱ्यावर सांडलं. वहिनी त्यांना पोळीवर पोळी वाढत होती. त्यांचं लक्ष त्या दिवशी कुणाच्याच गुडघ्यांकडे नव्हतं. ते जेवत होते. निघताना देवराव एसटीपर्यंत आले. बस सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "सांधा पक्का आहे नं, डॉक्टरसाहेब?"

"पक्का आहे."

"मंग ठीक आहे," देवराव म्हणाले आणि आपल्या बैलांकडे गेले.

त्या हिवाळ्यात हाडांच्या डॉक्टरांची एक परिषद नागपुरातच भरली. सरांनी आपला निबंध वाचला. जमिनीवर बसणाऱ्या माणसाचा सांधा बंद करू नये, असं त्यात पानोपानी होतं. खाली बसलेल्या, मांडी घातलेल्या, उकिडव्या पेशंटांचे फोटो एकामागून एक पडद्यावर येत होते. आणि शेवटच्या आधी सुमनताईंचा फोटो आला. फळ्यावर टांगलेल्या नकाशापुढे, हातात छडी, दोन्ही पायांवर ताठ.

पुढच्या रांगेतला एक तरुण सर्जन उठला. त्याने इंग्रजीत विचारलं, "सर, ही केस तर तुमच्या सगळ्या निबंधाच्या विरुद्ध जाते. हिचा निष्कर्ष काय काढायचा?"

"त्या भूगोल शिकवतात," सर म्हणाले.

"ते कळलं. पण निष्कर्ष?"

"तोच," सर म्हणाले आणि प्रोजेक्टरवाल्याला त्यांनी पुढची स्लाइड लावायला सांगितली.